एल्सीची अकरा वर्षं

अन्नपूर्णा रोड, इंदूर
११ नोव्हेंबर २०२४

इंदिराआत्या,

लांबूनच पाया पडतो. हात पोचत नाही म्हणून आशीर्वादात कपात करू नकोस.

फोनच केला असता. पण मागच्या वेळी मी घसा फोडून ओरडत होतो आणि तू साताऱ्याहून विचारत होतीस, "कोण, गॅसवाला का?" पूर्ण गल्ली हसली. म्हणून कागद. आणि हे पत्र बाबांना कळू देऊ नकोस. राऊ गावातलं इंजिनियरिंगचं कॉलेज सोडलं त्याला वर्ष होईल, तरी तुझा भाऊ रोज जेवताना ताटाकडे बघून म्हणतो, "इंजिनियरसाहेबांना पोळी वाढा." अरे, एचओडी अख्ख्या वर्गासमोर म्हणाला, "तुमसे नहीं होगा." मी म्हटलं, "तो रखो अपना कॉलेज," आणि निघालो. गेटपर्यंत वाटत होतं कुणीतरी हाक मारेल. नाही मारली. आता पियुषच्या बाइंडिंगच्या दुकानात बसतो. पोरांचे थीसिस शिवतो, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं दाबतो. बरं चाललंय.

काम असं. एल्सी हॅस्केट, अमेरिकन कादंबरीकार. बाबा एकदा चिडून म्हणाले होते, "तुझी आत्या त्या अमेरिकन बाईच्या पायी आयुष्यभर घरात बसली." हीच ना ती?

सुरभी नावाची मुलगी आहे. जळगावची. सकाळी विजय नगरच्या एका ऑफिसात काम करते, दुपारी एम.ए. इंग्लिश. तिचं डिझर्टेशन ह्या एल्सीवर आहे. दुकानात प्रिंट काढायला आली तेव्हा मी तिच्या पानावरचं एक वाक्य वाचून म्हटलं, "हे भारी आहे." ती म्हणाली, "तू वाचलंयस हिला?" आणि माझ्या तोंडातून गेलं, "हो."

त्या एका "हो"साठी हे पत्र. कादंबरी आणली, अकरा पानं वाचली, झोपलो. ती माझ्या मराठीला हसते, म्हणते हिंदीत तळून काढलीये. हसू दे. ती हसली की मला दिवसभर दुसरं काही सुचत नाही, आत्या, कसम से.

सगळं सांग. बाई कोण, काय लिहिलं, कशी जगली. लवकर.

तुझा बिघडलेला
यश


सातारा
२० नोव्हेंबर २०२४

यश,

आशीर्वाद पुरेपूर पाठवते, जपून वापर.

"हो" म्हणण्याआधी तीनशे पानं वाचायची असतात. ते तू करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. आपल्या घराण्यात लोक आधी तलवार काढतात, मग भांडण कशावरून ते विचारतात.

ऐक. एल्सीचा जन्म नेब्रास्कातल्या एका गावात, वस्ती तीनशे. वडील धान्याच्या कोठारावर हिशेबनीस. चारी बाजूंना नजर जाईल तिथवर गहू. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून लिहायची, बियाण्यांच्या जुन्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठीवर. भाकरी भाजून होईपर्यंत जेवढं होईल तेवढं. म्हणून तिची प्रकरणं आखूड. सव्विसाव्या वर्षी पहिली कादंबरी आली, लोकांनी डोक्यावर घेतली. त्यानंतर अकरा वर्षं एक ओळ नाही. मग एकदम तीन कादंबऱ्या, पाठोपाठ, आणि त्या पहिलीपेक्षा कितीतरी पुढच्या. लग्न केलं नाही. मरण्याआधी डायऱ्या जाळल्या. त्या अकरा वर्षांत काय झालं ते कुणालाच माहीत नाही.

तिची दुसरी कादंबरी मी मराठीत आणली. भाषांतर नाही म्हणणार, रूपांतर. आमच्या वेळी तशी रीत होती. परकं गाव उचलायचं आणि आपल्या मातीत लावायचं. मी नेब्रास्काचा माळवा केला, एल्सीच्या बायकांना लुगडी नेसवली, पाद्र्याचा पुजारी केला. गहू तेवढा गहूच राहिला. वही प्रकाशकाकडून तीनदा परत आली. कपाटात आहे.

मुलगी कशी आहे ते तू लिहिलंच नाहीस. फक्त हसते एवढंच कळलं.

आत्या


इंदूर
२ डिसेंबर २०२४

आत्या,

तू ग्रेट आहेस! ओट्याशी उभं राहून लिहायची, हे मी असं सांगितलं जसं काही माझ्या डोळ्यांसमोर घडलं. सुरभीने पेन काढून लिहून घेतलं. माझं बोलणं, आत्या. आजवर माझं बोलणं फक्त पोलिसाने लिहून घेतलंय, तेही चालान फाडताना.

कशी आहे विचारतेस. उंचीला माझ्या खांद्याएवढी. राग आला की गप्प होते, हे मला जमतच नाही. पोह्यांवरची शेव आधी वेचून खाते, मग म्हणते पोहे कोरडे आहेत. घरचे लग्नाचं बघतायत, आणि तिला पीएच.डी. करायची आहे, हैदराबादला. डिझर्टेशन चांगलं झालं तरच पुढचं. म्हणजे तिचं सगळं ह्याच्यावर अडकलंय.

तर मुद्दा. तिची गाइड म्हणाली, एल्सीवर सगळं लिहून झालंय, नवीन काय आहे? सुरभी परवा दुकानात बसून रडकुंडीला आली होती. ती अकरा वर्षं, आत्या. तुला माहीत असणार. तू आख्खी जिंदगी त्या बाईसोबत काढलीस. मला सांग ना. तिला थोडं बरं वाटेल, बाकी काही नाही.

यश


सातारा
१९ डिसेंबर २०२४

यश,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

ही गोष्ट कुठे छापलेली नाही. पण मी तिच्यासोबत इतकी वर्षं राहिले आहे की मला ती माहीत आहे.

पहिल्या कादंबरीनंतर एल्सीची ओळख एका माणसाशी झाली. कापड गिरणीत हजेरी मांडणारा कारकून. फार शिकलेला नव्हता, पण वाचायचा. गिरणीचा साडेसहाचा भोंगा झाला की ती हातातलं काम ठेवायची, कारण आता तो बाहेर पडला असणार. गिरणीला गुरुवारी सुट्टी. दर गुरुवारी दोघं तळ्याच्या पायऱ्यांवर बसायची, मध्ये एका माणसाची जागा सोडून. लोकांनी पाहिलं तर सांगता यावं की आम्ही सोबत नव्हतो. ती लिहिलेलं वाचून दाखवायची. आवडलं की तो काही बोलायचा नाही, नुसता चपलेने पायरीवरची माती पुसायचा.

मग त्याची दुसऱ्या गावी बदली झाली. तो म्हणाला, पत्र लिहीन, तू ये म्हटलंस की येईन. एकही पत्र आलं नाही. ती दोन वर्षं वाट बघत राहिली आणि मग चिडली, त्याच्यावर. पुढे खूप वर्षांनी तिला कळलं की पत्रं येत होती. तिचा धाकटा भाऊ पोस्टमनला फाटकाशीच गाठायचा आणि पत्रं आंघोळीच्या पाण्याखालच्या जाळात घालायचा. ती रोज त्याच पाण्याने आंघोळ करत होती.

ह्या काळात माणूस लिहीत नाही. सुरभीला सांग.

आत्या


इंदूर
२६ जानेवारी २०२५

आत्या,

झेंडावंदनाची सुट्टी आहे, दुकान बंद, डोकं चालू.

मी तिला ती गोष्ट सांगितली. मुलगी रडली, आत्या. दुकानासमोर, स्कूटीवर बसून, हेल्मेट घालून, जेणेकरून कुणाला दिसू नये. मग हेल्मेटच्या आतूनच म्हणाली, "यश, तू इंजिनियरिंगला कशाला गेला होतास रे?" आणि माझा हात धरला. ग्लोव्हज होते तिचे, पण धरला.

आता रोज भेटतो. ती लिहिते, मी समोर बसतो. मी म्हटलं, तू म्हणशील तर कॉलेज परत जॉइन करतो, बीए, काहीही. ती म्हणाली, "माझ्यासाठी नको करूस, फुकटचं ओझं होतं." पण हसली.

गोष्ट तिला लई आवडली, एवढंच कळवायचं होतं. तुझ्यामुळे मी आता माणूस झालोय.

यश


सातारा
८ फेब्रुवारी २०२५

यश,

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि भीतीही वाटली. ती एल्सीची गोष्ट तुम्हा दोघांच्या गप्पांपुरती ठेव. सुरभीने ती कुठे लिहू नये. तिला माझं नाव घेऊन सांग, आणि सांगितलंस की मला एक ओळ टाक.

आत्या


इंदूर
९ एप्रिल २०२५

आत्या,

फेब्रुवारीतलं पत्र मिळालं होतं. ओळ टाकली नाही कारण तेव्हा उशीर झाला होता. डिझर्टेशन मीच शिवलं होतं, मरून रंगाचा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. तिसरं प्रकरण तुझं. गिरणी, भोंगा, तळं, सगळं.

काल तिची व्हायवा झाली. बाहेरून आलेले परीक्षक. मी कॉरिडॉरमध्ये, हातात जलेबीचा पुडा. दार उघडं होतं. सगळं ऐकलं.

ते म्हणाले, "मॅडम, हॅस्केटच्या गावात तीनशे माणसं आणि गहू होता. कापड गिरणी तिथून आठशे मैलांवर. हा भोंगा त्यांना ऐकू कसा आला?" कुणीतरी हसलं. मग म्हणाले, "और ये बताइए, अमेरिका में मिल की छुट्टी गुरुवार को कब से होने लगी?" आता सगळे हसले. सुरभी गप्प. मी सांगितलं ना तुला, राग आला की गप्प होते. पण हा राग नव्हता. मी बाहेरून बघत होतो, ती टेबलाची कड नखाने खरवडत होती.

नापास नाही केलं. चौकशी लावली. मनाने बनवून लिहिलं असा ठपका बसला तर हैदराबाद गेलं, आणि घरी जाऊन बोहल्यावर चढायचं. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि जिना उतरून गेली. फोन ब्लॉक.

तू का केलंस असं? एका मुलीचं आयुष्य आहे ते! तुला माहीत नव्हतं तर तू सरळ "माहीत नाही" म्हणायचंस. तीन शब्द पण लागत नाहीत. म्हातारपणी टाइमपास हवा होता तुला? मी तुझ्यावर भरवसा ठेवला, बाबांपेक्षा जास्त. तुझ्यापेक्षा तो एचओडी बरा, तोंडावर तरी बोलला.

जलेबी गायीला घातली.

यश


सातारा
१७ एप्रिल २०२५

यश,

तुझ्या पत्रातला एकही शब्द जास्त नाही.

एल्सीच्या अकरा वर्षांबद्दल मला काही माहीत नाही. जे सांगितलं ते माझं आहे. गिरणी इंदूरची. विजेच्या टंचाईत आमच्याकडे गिरण्यांना आळीपाळीने सुट्टी असायची, आमची गुरुवारी. माझ्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की अमेरिकेत रविवार असेल हे लिहिताना मनातच आलं नाही. त्यांचं नाव लक्ष्मीकांत. हजेरी मांडायचे. उज्जैनला बदली झाली. साल एक्याऐंशी.

आणि भाऊ म्हणजे तुझे बाबा. प्रताप तेव्हा वीस वर्षांचा होता, तुझ्यासारखाच, डोक्यात राख. आमच्या घरच्या मुलीला गिरणीतला कारकून पत्रं लिहितो, हे त्याला सोसलं नाही. मला कळलं चार वर्षांनी. बंब घासायला काढला होता, जाळीत अर्धं पाकीट अडकलं होतं. पत्ता जळाला होता, माझं नाव राहिलं होतं. मी नोकरी शोधली आणि साताऱ्याला आले. तोवर त्यांचं लग्न झालं होतं.

ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. सांगायची म्हटली तर मी कोण? शाळेत इंग्रजी शिकवणारी एक बाई. आयुष्यभर परक्या बायकांना आपल्या गावात आणून बसवायची सवय लागली होती. तू विचारलंस तेव्हा उलटं करून बघितलं. मी तिच्या गावात जाऊन बसले. लिहून झाल्यावर त्या रात्री मला अनेक वर्षांनी चांगली झोप लागली. त्याची किंमत त्या मुलीने दिली.

सोबत वेगळा कागद जोडला आहे, सही करून. त्यात सगळं लिहिलं आहे, नावांसकट. विद्यापीठात दाखव. सुरभीला दाखव. प्रतापच्या हातात पडला तरी चालेल. लाज वाटायची ती माझी मला वाटू दे, तिने काही बनवलेलं नाही.

आत्या


इंदूर
२२ मे २०२५

आत्या,

महिना लागला. हे पत्र लिहायला मी घाबरत होतो.

तुझा कागद विभागात दिला. तिच्या गाइड मॅडमनी दोनदा वाचला, चष्मा काढला, म्हणाल्या, "कैसी-कैसी बातें होती हैं." सुरभीवरचा ठपका काढला. तिसरं प्रकरण काढून जूनमध्ये परत द्यायचं.

परवा ती दुकानात आली, नवीन प्रत शिवून घ्यायला. दुसरीकडे जाऊ शकली असती. मी तुझं पत्र तिला दिलं, मला आलेलं, पूर्ण. तिने कटिंग मशीनला टेकून वाचलं. रडली, ह्या वेळी हेल्मेट नव्हतं. मला वाटलं, झालं, आता सगळं ठीक होईल.

ती म्हणाली, "आत्यांचं मला कळतं. पण तळटीप तू दिलीस, यश."

हे मी तुला लिहिलं नव्हतं. तिने जानेवारीत विचारलं होतं, हे कुठे वाचलंस? मी तुझं नाव घेतलंच नव्हतं कधी. माझा भाव कमी झाला असता. म्हटलं, "एल्सीच्या पत्रांचं पुस्तक आहे." ती म्हणाली, पान? मी म्हटलं, "दोनशे चौदा." माझ्या गाडीच्या नंबरातले पहिले तीन आकडे. असं पुस्तकच नाहीये. मागच्या पत्रात मी तुझ्यावर एवढा चढलो ना, ते हे झाकायला. परीक्षकाने खरं तर तिथेच धरलं होतं तिला. तुझा कागद देताना विभागात हे सांगावं लागलं, तुला तेवढं सांगितलं नाही.

सुरभी म्हणाली, "त्यांच्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी तसं सांगितलं. तुझ्याकडे 'मला माहीत नाही' होतं. तेवढं चाललं असतं रे मला." मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी केलं." ती म्हणाली, "माझ्यासाठी नको करूस म्हटलं होतं." मी चिडलो. कारण दुसरं काही येत नाही मला. पुठ्ठा आपटला, ओरडलो, पियुष मागून धावत आला, "भिया, शांती रख."  ती पैसे काउंटरवर ठेवून गेली. प्रत मी शिवली. अक्षरं सरळ आली.

आणि संध्याकाळी बाबांना विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "लक्ष्मीकांत कोण होते?" वाटलं, पांढरे पडतील, थोबाडीत मारतील, काहीतरी. ते टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "कोण लक्ष्मीकांत? बँकेतला का?" मी सगळं सांगितलं. बंब, पत्रं. खूप वेळ आठवत बसले. खोटं नव्हते बोलत, आत्या, मला खोटं बोलणारा ओळखू येतो. म्हणाले, "असेल. तेव्हा खूप काय काय केलं." आणि मग, "इंदूला राग आहे का अजून?"

हे तुला कळवू नये असं वाटलं होतं. पण आता मी न कळवलेलं काही ठेवत नाही.

यश


सातारा
१५ जून २०२५

यश,

प्रतापला सांग, राग नाही. खरं म्हणजे आहे की नाही ते मलाच शोधावं लागेल. चाळीस वर्षं मनात होतं की एक दिवस तो येऊन माफी मागेल आणि मी थोडा वेळ घेऊन देईन. किती वेळ घ्यायचा तेसुद्धा ठरवलं होतं. आता ते कुठे ठेवू कळत नाही.

सुरभीचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, चार पानं. हैदराबादला जागा मिळाली, ती परवा निघाली. एल्सीबद्दल तिने मला इतके नेमके प्रश्न विचारले आहेत की दोन दिवस पुस्तकं काढून बसले आहे. ज्याचं उत्तर माहीत नाही तिथे "माहीत नाही" लिहिते आहे. तिला माझी रूपांतराची वही वाचायची आहे. इतक्या वर्षांत वही मागणारी ती पहिली.

शेवटी एक ओळ आहे. "यशला माझा पत्ता देऊ नका, तो लिहील आणि मी विरघळेन."

पत्ता माझ्यासमोर आहे. मी तो तुला देणार नाही.

हे लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. माझी पत्रं कुणीतरी अडवली, आणि आज मी फाटकाशी उभी आहे, तुझं पत्र अडवायला, असं वाटत राहिलं. मग कळलं की मला ती पत्रं हवी होती आणि मला कुणी विचारलं नाही. हिला विचारायची गरज पडली नाही, हिने आपणहून सांगितलं. एवढाच फरक आहे, पण त्यावर मला उभं राहावं लागेल, तू कितीही ओरडलास तरी.

आणि तू ओरडशील. ओरड, बाळा. मला तसंही ऐकू येत नाही.

आत्या


इंदूर
२४ जून २०२५

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी स्टेशनवर गेलो होतो. गाडी आठ दिवसांपूर्वीच गेली होती, तरी गेलो.

पत्ता देऊ नकोस. आज हे शांत डोक्याने लिहितोय म्हणून लिहून ठेव. उद्या-परवा मी मागणार. शिव्या देईन, रडेन, बाबांची शपथ घालेन, आजारी आहे म्हणेन. कदाचित साताऱ्यालाच येऊन उभा राहीन. तेव्हाही देऊ नकोस.

यश